नाण्याचं नाव विचारू नका, गाव विचारा

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शनिवारच्या चहासोबत ज्यांना काहीतरी गोडगोड वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

भांडण आहे एका नाण्यावरून. पावसाळ्याआधी एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होता. तळहातावर ठेवलेला एक हिरवट-काळा तांब्याचा तुकडा, आणि खाली मजकूर : "आरे कॉलनीत खोदकामात सापडलेलं दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन नाणं!!" हा फोटो मला चार ग्रुपांवरून आला. दोन ठिकाणी त्याच्या शेपटीला "आरे वाचवा" होतं, एका ठिकाणी "आपला गौरवशाली इतिहास" होता, आणि चौथ्या ठिकाणी "विकणे आहे, फक्त जाणकारांनी संपर्क साधावा". म्हणजे एकाच तुकड्यावर पर्यावरण, अस्मिता आणि धंदा तिघंही स्वार! पुढे ते नाणं आमच्याच ऑफिसातल्या एकाने चार हजाराला विकत घेतलं आणि "तुला यातलं कळतं ना, याचं नाव सांग" म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

माझं भांडण या "नाव सांग" शी आहे.

आता मला यातलं कळतं म्हणजे काय, तर गेली पाच-सहा वर्षं कोड लिहून डोळे दुखले की मी जुन्या नाण्यांच्या याद्या वाचतो. लोक क्रिकेटचे स्कोअर वाचतात तसं. इंजिनिअरिंगच्या पदवीचा याच्याशी काही संबंध नाही, पण एक सवय कामी येते. समोर काय आहे ते आधी लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते नंतर. नाण्याच्या बाबतीत शंभरातले नव्व्याण्णव लोक नेमकं उलटं करतात. आधी नाव ठरवतात, मग नाण्याकडे बघतात.

तर समोर काय होतं? तांब्याचा तुकडा, सोनाराच्या काट्यावर २.२ ग्रॅम. व्हर्नियर लावला तर सगळ्यात रुंद जागी साडेसतरा मिलिमीटर, सगळ्यात अरुंद जागी साडेसोळा. एका बाजूला मोत्यांची पट्टी बांधलेलं, उजवीकडे बघणारं डोकं. भोवती अक्षरं, त्यातली निम्मी गेलेली; पण 'डी एन' आणि पुढे 'कॉन्स्टान्...' एवढं लागलं. डी एन म्हणजे 'डोमिनस नोस्टर', आमचे धनीसाहेब. दुसऱ्या बाजूला एक शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या माणसाला भाला खुपसतोय. वर 'फेल टेम्प रेपाराशिओ' मधली काही अक्षरं. आणि तळाशी, रेषेच्या खाली, चार अक्षरं : एस, एम, के, ए.

एवढ्यावरून पुष्कळ सांगता येतं, आणि तेही खात्रीने. डोक्यावर मोत्यांची पट्टी आहे म्हणजे हा 'ऑगस्टस', मुख्य सम्राट. युवराजाच्या पातळीवरचा 'सीझर' असता तर डोकं उघडं असतं. याच छापाच्या नाण्यांवर गॅलस नावाचा सीझर उघड्या डोक्याने येतो आणि त्याच्या नावातही कॉन्स्टान्टिअस आहे, त्यामुळे नुसतं नाव वाचून उड्या मारणारे इथे हमखास पडतात. म्हणजे आपला हा दुसरा कॉन्स्टान्टिअस, राज्यकाळ इसवी सन ३३७ ते ३६१. कोसळणाऱ्या घोडेस्वाराची छाप ३४८ च्या सुमारास सुरू झाली. तळाची अक्षरं टांकसाळीची : 'एस एम' म्हणजे 'साक्रा मोनेटा', पवित्र टांकसाळ, 'के' म्हणजे किझिकोस, आजच्या तुर्कस्तानात मार्माराच्या किनाऱ्यावरचं शहर, आणि 'ए' म्हणजे तिथला पहिला कारखाना. "दोन हजार वर्षं" वगैरे काही नाही, साधारण पावणेसतराशे.

इथपर्यंत ठीक. पण आमच्या मित्राला हवं होतं नाव. त्याने फोटो तीन ॲपांना दाखवला होता. एक म्हणालं 'फॉलिस', दुसरं म्हणालं 'सेंटेनिओनालिस', तिसरं म्हणालं 'एई ३'. नाणं एक, नावं तीन. आता बोला!

गंमत अशी की तिघंही खोटं बोलत नव्हते, आणि तिघांच्याही बोलण्यात माहिती जवळपास शून्य होती. कसं ते बघा.

'फॉलिस' म्हणजे लॅटिनमध्ये पिशवी. डायोक्लेशनने २९४ च्या सुमारास चांदीचा पातळ मुलामा दिलेलं दहा ग्रॅमच्या आसपासचं तांब्याचं मोठं नाणं काढलं, त्याला संग्राहक फॉलिस म्हणतात. ते नाणं पुढे हलकं हलकं होत गेलं आणि नाव तसंच चिकटून राहिलं. दहा ग्रॅमचंही फॉलिस, दीड ग्रॅमचंही फॉलिस. अशा नावाने काय कळलं?

'सेंटेनिओनालिस' हे नाव मात्र अस्सल आहे. ४३८ साली प्रसिद्ध झालेल्या थिओडोसियसच्या कायदेसंग्रहात ते येतं, तसंच 'मायोरिना' हे दुसरं नावही येतं. पण कायद्याच्या पुस्तकात नाण्याचं चित्र काढलेलं नाही आणि नाण्यावर कायद्यातलं नाव कोरलेलं नाही. कुठलं नाव कुठल्या नाण्याचं यावर विद्वान अजून भांडताहेत. ॲपने मात्र निकाल देऊन टाकला!

आणि 'एई ३'? 'एई' म्हणजे लॅटिन 'एस', तांबं-कांसं. पंचवीस मिलिमीटरच्या वर एई १, एकवीस ते पंचवीस एई २, सतरा ते एकवीस एई ३, आणि सतराच्या खाली एई ४. हे रोमन नाव नाहीच. याद्या करणाऱ्यांनी अलीकडे पट्टी घेऊन पाडलेले कप्पे आहेत. ते त्यांनी प्रामाणिकपणे पाडले, कारण खरी नावं ठाऊक नाहीत म्हटल्यावर आकाराने वाटणी करणं हाच सरळ मार्ग होता. पण आपलं नाणं पुन्हा मोजा. रुंद बाजूने व्हर्नियर लावला तर ते एई ३, अरुंद बाजूने लावला तर एई ४! दुकानदार कुठल्या बाजूने लावेल हे मी सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं, नाव नंतर, वजन आधी. 'फेल टेम्प रेपाराशिओ' या घोषणेचा अर्थ 'सुखाचे दिवस परत आले', थोडक्यात अच्छे दिन. ही छाप आली तेव्हा नाणं चार-पाच ग्रॅमचं होतं. दहाएक वर्षांत घोडेस्वार तोच, भाला तोच, घोषणा तीच, आणि नाणं दोन-सव्वादोन ग्रॅमवर आलं. चित्र बघून नाव ठेवणाऱ्याला या दोन नाण्यांत फरकच दिसत नाही. तेव्हाच्या पाववाल्याला तो नक्की दिसत असणार.

यात परकं काही नाही. आपलाच रुपया घ्या. १९९२ मध्ये आलेला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ मध्ये आलेला ३.७९ ग्रॅमचा. नाव एकच. उलट दहाच्या नाण्याचं झालं. वजन, किंमत सगळं तेच, पण चित्रं वेगवेगळी, म्हणून रिक्षावाले आणि भाजीवाले ते घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की बाबांनो, चौदा प्रकारची दहाची नाणी आहेत आणि सगळी चालतात. म्हणजे जिवंत सरकार, जिवंत बँक, नाण्यावर आकडा छापलेला, तरी आपला गोंधळ. आणि सोळाशे वर्षांपूर्वीच्या आकडा नसलेल्या तांब्याचं नाव आपण फोटोवरून चुटकीसरशी सांगणार!

रोमनांनी तांब्यावर सरसकट आकडा टाकायला ४९८ साल उजाडलं. अनास्टेशियसने मोठ्या नाण्यावर 'एम' हे अक्षर घातलं, म्हणजे चाळीस नुम्मी. 'के' म्हणजे वीस, 'आय' म्हणजे दहा. त्यानंतर वाद मिटला. सोन्याचा वाद तर कधी नव्हताच. कॉन्स्टन्टाइनचा सॉलिडस एका रोमन पौंडात बहात्तर बसायचा, साडेचार ग्रॅमच्या जवळपास, आणि ते वजन पुढे कित्येक शतकं टिकलं. भानगड आहे ती या चौथ्या-पाचव्या शतकातल्या गरीब तांब्याची. आणि नेमकं तेच तांबं हिंदुस्थानात सापडतं, त्यामुळे हा नुसता परदेशी छंद राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समजा नाव ठरलं, वजन लिहिलं, टांकसाळ वाचली. तरी "आरेत सापडलं" हे त्या नाण्यावर कुठे लिहिलंय?

कुठेच नाही. आणि तेच सगळ्यात मोलाचं होतं.

हे समजून घ्यायला थोडं दक्षिणेत जावं लागेल. तमिळनाडूत करूरच्या अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईत, आणि पलीकडे श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली ही रोमन तांब्याची नाणी भरपूर सापडलेली आहेत. इतकी झिजलेली की बरीच ओळखूही येत नाहीत. आर. कृष्णमूर्ती यांनी करूर आणि मदुराईच्या नाण्यांवर १९९४ साली पुस्तकच काढलं. श्रीलंकेत तर त्यांच्या नकला पाडल्या गेल्या. ही नाणी कोणी आणली, कधी आणली, इथल्या बाजारात ती सुट्ट्या पैशांसारखी चालली का आणि कोणत्या भावाने, हे खरे प्रश्न आहेत. त्यांचं उत्तर नाण्याच्या नावात नाही. उत्तर आहे ते कुठल्या गावात, कुठल्या थरात, सोबत काय, किती झिजलेलं, यात. महाराष्ट्रात तमिळनाडूच्या मानाने रोमन नाणी फारच थोडी सापडली आहेत, म्हणजे इथल्या प्रत्येक खऱ्या नाण्याचं वजन जास्त.

आणि दुसरीकडे काय चाललंय? हीच नाणी युरोपात, विशेषतः बाल्कन देशांतून निघून, न धुतलेली, शंभर-शंभरच्या लॉटने इंटरनेटवर विकली जातात. कोणीही मागवू शकतो. आता असं एक नाणं मुंबईत येऊन "आरेत सापडलं" म्हणून विकलं गेलं, तर ते खोटं आहे हे सिद्ध कसं करणार? नाणं तर अस्सलच आहे! किझिकोसची टांकसाळ पूर्वेकडची. तिथलं नाणं तांबड्या समुद्राच्या मार्गाने इथे येऊ शकतं आणि पार्सलनेही येऊ शकतं. धातू तोच, छाप तीच, झीजही तशीच. फरक फक्त एका वाक्याचा, आणि ते वाक्य विकणाऱ्याच्या तोंडचं. आमच्या धंद्यात लॉगमधला टाइमस्टॅम्प कोणी हाताने बदलला तर ती एकच ओळ बिघडत नाही, अख्ख्या लॉगवरचा विश्वास उडतो. तसंच हे. दहा खोटी "सापडलेली" नाणी बाजारात आली की अकराव्या खऱ्या नाण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

"गावाचं एवढं काय घेऊन बसलास?" असं वाटत असेल तर आपल्याच परिसरातली उदाहरणं देतो.

सोपारा. विरारच्या लोकलने जाता येतं. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. आत दगडी पेटी, पेटीत करंडक आणि त्यासोबत यज्ञ सातकर्णीचं चांदीचं एक नाणं. एकच! पण ते त्या पेटीत होतं म्हणून ती पेटी त्या राजाच्या आधी बंद झालेली नाही हे कळलं. तेच नाणं बाजारात मिळालं असतं तर 'सातवाहन, चांदी, स्थिती उत्तम' एवढीच चिठ्ठी त्याला लागली असती.

जोगलटेंभी, नाशिक जिल्हा. १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी एका जागी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची; पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. हरवलेल्या राजाच्या पैशावर जिंकलेल्या राजाची मोहर! हा ढीग एकत्र बघितला गेला म्हणून दोघांचा हिशोब असा लख्ख दिसला. पाच-पाच नाणी करून सराफांकडे गेला असता तर? पाच नाण्यांवरचा ठसा ही गंमत असते, नऊ हजारांवरचा ठसा ही राज्यक्रांती असते.

घारापुरी. कलचुरी कृष्णराजाची तांब्याची नाणी त्या बेटावर सापडली. शोभना गोखले यांनी त्यावर लिहिलं आणि सुचवलं की ही कमी किमतीची नाणी लेणी खोदणाऱ्यांच्या मजुरीची असावीत. लेण्यावर कोरणाऱ्याचं नाव नाही, राजाचं नाव नाही. पण नाणी त्या बेटावर सापडली म्हणून हा विचार तरी करता आला. बेट काढून टाका, उरतं काय? तांबं.

याच कृष्णराजाची चांदीची नाणीही आहेत. दोन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. मुंबई आणि साष्टी बेटांवर ती सापडलेली आहेत, म्हणजे आरे ज्या बेटावर आहे त्याच बेटावर. नुसतं 'कृष्णराज' नाव वाचून काही अभ्यासकांनी ती एके काळी राष्ट्रकूट कृष्णाच्या नावावर टाकली होती. नावावर भिस्त ठेवली की असं दोनशे वर्षांचं अंतर पडतं. आणि त्या नाण्याची किंमत काय, नाव काय, हे कुठे कळलं? नाण्यावर नाही. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात. भोगशक्तीचा तो ताम्रपट ७१०-११ सालचा, आणि त्यात 'कृष्णराज-रूपक' असा स्पष्ट उल्लेख आहे. राजा जाऊन दीडशे वर्षं झाली तरी त्याचं नाणं चालत होतं, आणि लोक त्याला काय म्हणत होते तेही लिहून ठेवलेलं! वा. वि. मिराशींनी कलचुरींचे लेख १९५५ साली एकत्र छापले, त्यात हे सगळं आहे. (नाणेशास्त्राची संशोधन संस्थाही याच अंजनेरीला आहे.)

नाशिकच्या लेण्यांत तर भिंतीवर विनिमयाचा दरच कोरलाय. नहपानाचा जावई उषवदात सांगतो की सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, पस्तिसाला एक. पश्चिम भारतातल्या क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या नावासोबत बापाचं नाव आणि डोक्यामागे शक वर्ष असतं. म्हणजे कॉन्स्टान्टिअसचे कारागीर घोडेस्वार पाडत होते त्याच काळात इकडच्या टांकसाळीत नाण्यावर साल घातलं जात होतं. आणि आपण? आपण रोमन म्हटलं की चार हजार मोजतो, आणि क्षत्रपाचं नाणं 'असली खूप मिळतात' म्हणून बाजूला सारतो.

आता मला मिळालेली उत्तरं. कारण हे सगळं मी त्या ग्रुपांवर बोललो आणि तिथे जे व्हायचं ते झालं.

"अहो पण नाणं तर खरं आहे ना?" हो, आहे. पण खोटं आहे ते वाक्य, आणि तुम्ही पैसे त्या वाक्याचे मोजलेत. असं नाणं परदेशातून मागवलं तर याच्या एका अंशात येतं. बाकीचे पैसे 'आरे' या दोन अक्षरांचे.

"अशी नाणी लाखोंनी पडलीयेत, त्यात काय?" लाखोंनी पडलीयेत ती तिकडे. इथे नाहीत. आणि मुबलक वस्तूचं मोल ढिगात असतं, एकट्यादुकट्या तुकड्यात नाही. जोगलटेंभीचं वर सांगितलंच.

"आम्ही घेतलं नाही तर भंगारात वितळेल." हा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. खोदकामावरच्या मजुराला खरोखरच काही सापडलं तर त्याने काय करावं? कायदा सांगतो कलेक्टरकडे जा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे; दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कळवणं बंधनकारक. दहा रुपये! आणि सरकारने ते स्वतःकडे ठेवायचं ठरवलं तर मोबदला म्हणून धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. सोन्याच्या हंड्याला हे ठीक असेल. सव्वादोन ग्रॅम तांब्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा म्हणजे किती हो? रिक्षाचं मीटर पडायच्या आत संपतं. त्यासाठी तो माणूस मजुरी बुडवून सरकारी ऑफिसात जाऊन "तुला हे कुठे मिळालं, अजून काय लपवलंस" हे प्रश्न ऐकून घेईल? आरेतल्या पाड्यांवर राहणाऱ्यांना तर पिढ्यान् पिढ्या तिथे राहून स्वतःच्या घराखालच्या जमिनीचा हक्क सिद्ध करावा लागतोय. त्यांना मी एसीत बसून नागरिकशास्त्र शिकवणार नाही.

पण म्हणून "मग आम्ही घेतो" हे उत्तर होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून एक साधी योजना आहे. सापडलेली वस्तू, बहुतेक वेळा, सापडणाऱ्याकडेच राहते. त्याने फक्त ती आणून दाखवायची, जागा सांगायची, नोंद करायची. दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली, त्यात उशिराची रोमन नाणी ढिगाने. हक्क आणि माहिती यांची त्यांनी फारकत केली. आपल्याकडे ती झालेली नाही, म्हणून माणूस वस्तू लपवतो आणि वस्तूसोबत माहितीही गाडली जाते. भांडायचंच तर या गोष्टीसाठी भांडा की! नोंद करणाऱ्याला त्रास होणार नाही आणि चार पैसे मिळतील असा नियम मागा. पण गौरवशाली इतिहासवाल्या ग्रुपवर हा विषय काढला तर दोन अंगठे आले आणि मग गुड मॉर्निंगची फुलं सुरू झाली. असो.

आणि शेवटचं उत्तर, जे मला सगळ्यात जास्त लागलं : "अरे, तू कोणाच्या बाजूने आहेस? या नाण्यामुळे आरे वाचायला मदत होईल."

मी आरेच्या बाजूने आहे. म्हणूनच म्हणतो, हे नाणं यात आणू नका. आरेत पाडे आहेत, वारली घरं आहेत, वाघोबाची पूजा होते, बिबटे आहेत. १९४९ पासूनच्या दूध वसाहतीचे तबेले आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टाचा निकाल लागल्या लागल्या रात्रीच करवती चालवून दोन हजारांहून जास्त झाडं पाडली गेली, ते मुंबईने पाहिलं. कारशेड कांजूरला जाऊन परत आरेत आली आणि आता त्या मार्गावर गाड्याही धावतात. यातल्या एकाही गोष्टीला रोमन सम्राटाच्या दाखल्याची गरज नाही. उद्या कोर्टात कोणी हे नाणं पुढे केलं आणि समोरच्या वकिलाने त्याचं पार्सलचं पाकीट दाखवलं, तर त्यासोबत बिबट्याचे खरे फोटोही संशयात जातील. खोटा साक्षीदार आपल्या बाजूचा असला तरी तो आपल्याच खटल्याला बुडवतो.

आरेत जुनं नाणं सापडूच शकत नाही असं मी म्हणत नाही. उलट! उद्यानाच्या हद्दीत, डोंगरात कान्हेरी आहे, जिथल्या शिलालेखांत कार्षापणांच्या दानाच्या नोंदी आहेत. दक्षिणेला महाकालीची कोंडिविटे लेणी, जोगेश्वरीचं लेणं. खाडीपलीकडे कल्याण, ज्याचं नाव सहाव्या शतकातला कॉस्मस व्यापाराचं बंदर म्हणून घेतो. इथल्या मातीत काही निघालं तर मला नवल वाटणार नाही. म्हणूनच तर जीव जळतो. उद्या खरंच निघेल तेव्हा त्याच्या आधी इतकी खोटी निघालेली असतील की बघायलाही कोणी जाणार नाही.

तर संग्राहक मित्रांनो, ॲप बंद करा आणि सात रकान्यांची एक वही घाला. वजन, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. व्यास, दोन्ही बाजूंनी. दोन्ही छापांचे फोटो, पट्टी शेजारी ठेवून. वाचता आलेली अक्षरं; न आलेल्या जागी टिंब, अंदाज नाही. वरची छाप सरळ धरली तर मागची कुठल्या दिशेला वळते ते. कोणाकडून, कधी, कितीला घेतलं. आणि सातवा रकाना : कुठे सापडलं, आणि हे कोण सांगतं. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' लिहा. त्या दोन शब्दांनी नाण्याची किंमत उतरते, हे मला माहीत आहे. विकणाऱ्याला तोच रकाना नकोसा असतो, म्हणून घेणाऱ्याने तोच आधी विचारायचा.

आमच्या मित्राच्या नाण्याची नोंद मी अशीच करून दिली. दुसरा कॉन्स्टान्टिअस, तांबं, किझिकोस, कोसळणारा घोडेस्वार, २.२ ग्रॅम, १७.५ बाय १६.५. नावाचा रकाना मी घातलाच नाही. सातव्यात लिहिलं : "विक्रेता सांगतो आरे. पुरावा नाही." तो वाचून म्हणाला, "मग माझे चार हजार गेले?" मी म्हटलं, नाण्याचे नाही गेले, गोष्टीचे गेले.

तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असं 'मुंबईत सापडलेलं' नाणं असेल तर या वीकांताला त्याचे सात रकाने भरून बघा, आणि सातव्यात काय लिहिलंत ते मला जरूर कळवा.